सातव्या ओळीवरची सही

पुरुषाला आजार व्हायचाच असेल तर तो छातीत तरी व्हावा नाहीतर गुडघ्यात. चारचौघांत सांगता येतो, लोक बसायला खुर्ची देतात, बायको डोळे पुसते. पण कमरेखाली काही बिनसलं की भल्याभल्यांची वाचा बसते. ज्यांच्या आवाजाने घरातली भांडी वाजायची, ती माणसं मोठ्या सिस्टरांच्या टेबलापाशी येऊन सदऱ्याचं शेवटचं बटण चाचपत म्हणायची, "सिस्टर, जरा... इकडे... त्रास आहे."

"इकडे म्हणजे कुठे?" ती पेनाचं टोपण काढत विचारायची. "पूर्वेला की पश्चिमेला?"

मग माणूस हसायचा. एकदा हसला की अर्धं काम झालं, असं तिचं म्हणणं.

सगळा वॉर्ड तिला मोठ्या सिस्टर म्हणे, आणि पाठीमागे फौजदार. चोवीस खाटा, सगळे पुरुष, सगळे लघवीच्या नाहीतर तिच्या शेजारपाजारच्या दुखण्यांचे. म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटच्या गाठी, तरण्यांच्या अंडकोषाच्या. एकोणीस वर्षं ती तिथे होती. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मूत्राशय धुण्यासाठी नळीतून पाणी सोडतात. ते खालच्या पिशवीत कोणत्या रंगाचं उतरतंय यावर रात्र कशी जाणार ते ठरतं. ती पेशंटला सांगे, "गुलाबपाणी आलं तर निवांत झोपा. डाळिंबाचा रस आला तर घंटी दाबा. लाजलात आणि नळी तुंबली तर मात्र माझ्याशी गाठ आहे." नळी काढल्यावर पहिली लघवी मापाच्या भांड्यात करून दाखवावी लागे. एक रिटायर्ड हेडमास्तर ते भांडं दोन्ही हातांत धरून वॉर्डाच्या मधोमध आले आणि म्हणाले, "अडीचशे!" चोवीस खाटांनी टाळ्या वाजवल्या. त्यात तिच्या सर्वांत मोठ्या.

काळजी करू नका, हे वाक्य मात्र तिने कधी उच्चारलं नाही. ते आळशी माणसाचं वाक्य, असं ती नव्या मुलींना सांगायची. ज्याची लघवी ऑपरेशननंतर थांबत नाही, पायजमा ओला होतो म्हणून जो नातवाला मांडीवर घेत नाही, त्याला काळजी करू नका कसलं सांगता? त्याला पॅड कसं लावायचं ते दाखवा, कोणते स्नायू आवळायचे ते शिकवा, आणि सहा महिने लागतील तर सहा महिने म्हणा.

तर अशी ही बाई. तिच्या हातून जे झालं ते म्हणूनच कुणाला खरं वाटणार नाही.

ऑपरेशनआधी भरायच्या कागदावर अकरा ओळी होत्या. रक्तगट, उपाशी आहे का, दात खोटे आहेत का, अंगठी काढली का, वगैरे. सातवी ओळ अशी: पुढे मूल होण्याविषयी रुग्णाशी बोलणे झाले. त्यापुढे सही. ती डॉक्टरने करावी की सिस्टरने, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. पण त्या ओळीपाशी आलं की सर्जनना हमखास घड्याळ आठवे. "ते मोठ्या सिस्टर बोलतील," म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळत. असं करता करता ती ओळ तिचीच होऊन बसली.

तिची एक पद्धत होती. नातेवाईक बाहेर. सगळे. पैलवानाची बायको असो की पुढाऱ्याची आई, "पाच मिनिटं बाहेर बसा" म्हटलं की बसायचं. मग खाटेभोवती चारी बाजूंनी पडदा. मग स्वतः खाली स्टुलावर, म्हणजे पोराला मान वर करून बोलावं लागू नये. आणि मग सरळ सांगायला सुरुवात. "गाठ आहे ती बाजू काढणार. दुसरी राहते, ती पुरेशी असते. पण पुढे कदाचित जालीम औषधं द्यावी लागतील. ती रोगाला मारतात तशी बीजालाही मारतात. शेतकरी उपाशी राहतो, पण बियाण्याचं धान्य दळायला टाकत नाही. तुमचं बियाणं आधीच काढून गोठवून ठेवू. लागलं तर आहे, नाही लागलं तर नाही."

पोरगा लाल व्हायचा, चादरीकडे बघायचा, आणि शेवटी विचारायचा, "कुठे जायचं?" तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या खोलीची कडी आतून नीट लागत नव्हती, तर हिने सुताराच्या मागे लागून ती बसवून घेतली होती. चारशेच्या वर पोरांशी ती असं बोलली असेल. कुणी नाही म्हटलं, बहुतेकांनी हो म्हटलं. विचारलं नाही, असा एकही नव्हता.

मग एके दुपारी भाच्याचा फोन आला. "मावशी, तुझ्या खात्यातलं काम निघालंय."

भाचा म्हणजे तिच्या ताईचा एकुलता एक मुलगा. वय सव्वीस, उंची सहा फूट, घरातलं नाव टिल्लू. पुलांचे नकाशे काढण्याची नोकरी. आंघोळ करताना त्याला वाटाण्याएवढं काहीतरी कडक हाताला लागलं होतं. त्यालाही चार महिने झाले होते. सायकलच्या सीटमुळे असेल, म्हणून तो गप्प बसला होता.

"चार महिने?" ती फोनवर ओरडली. "मी काय मेले होते?"

"तुला कसं सांगणार गं? तू मावशी आहेस."

दुसरा कुणी असता तर तिने त्याची चंपी केली असती. पण ती गप्प झाली. कारण तिलाही त्या क्षणी तेच वाटलं होतं. 'ये, बघते' असं ती म्हणाली नाही. "उद्या सकाळी सर्जनना दाखव, मी नंबर लावून ठेवते," म्हणाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते हे असं.

आता ताईबद्दल सांगायला हवं. आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती आणि ताई एकोणीसची. ताईने शाळेत नोकरी धरली आणि हिला वाढवलं. वेणी, अभ्यास, ताप, पहिली पाळी, सगळं ताईने निस्तरलं. सगळ्या जगाला 'बाहेर बसा' म्हणणारी ही बाई ताईसमोर अजून नऊ वर्षांचीच होती. नर्सिंग शिकताना ती ताईच्याच घरी राहिली. ताईची शाळा सकाळची, म्हणून बाळाची आंघोळ हिच्याकडे. त्याच्या अंगावरचा तीळ न् तीळ हिला पाठ होता. तिने लग्न केलं नाही. तिचं म्हणून जे काही होतं ते टिल्लू.

तपासण्या झाल्या. गाठ वाईट होती. गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. नात्यातल्या पेशंटचं आपण काही करायचं नाही, असा वॉर्डाचा नियम तिनेच घातलेला. म्हणून नऊ नंबरची खाट तिने ब्रदरकडे दिली. ब्रदर म्हणजे वॉर्डातला पुरुष नर्स, शांत आणि हाताचा हलका. दाढी, सुई, नळी, जखम, सगळं त्याने बघायचं. सातव्या ओळीचं मात्र कुणाला द्यावं हे तिला सुचलं नाही, कारण ते दुसऱ्या कुणी कधी केलंच नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी ती नऊ नंबरपाशी गेली. ठरवून गेली. स्टुलावर ताई बसली होती. टिल्लूचा शर्ट मांडीवर घेऊन ती घड्या घालत होती, मोडत होती, परत घालत होती. हिने पडदा ओढायला सुरुवात केली. ताईने स्टूल आत सरकवलं आणि पडदा नीट लागावा म्हणून आपली साडी आवरून घेतली. पडदा लागला. आत तिघं.

"ताई, जरा..."

"काय गं?" ताईने वर पाहिलं. तीन दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते.

"जेवलीस का तू?" ती म्हणाली.

"जाईल का घास?"

मग तिने टिल्लूकडे पाहिलं. "तुला काही विचारायचंय का रे?"

"दुखेल का?"

"नाही. भूल देतात."

"मग काही नाही."

ती तिथे आणखी मिनिटभर उभी राहिली. उशी सारखी केली. ज्या तोंडाने ती चारशे पोरांशी बोलली होती, त्या तोंडाला कुलूप लागलं. ताईच्या देखत तिच्या मुलाला असलं काही विचारायचं? आणि विचारायचं कुणाला, तर ज्याला पाय धरून आंघोळीच्या पाटावर उभा केला त्याला? तिने स्वतःची समजूत घातली. एक बाजू राहतेच आहे. औषधं कदाचित लागणारही नाहीत. ऑपरेशननंतर वेळ आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच पंचाईत.

गुरुवारी सव्वासात वाजताच ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं. आधीचा पेशंट रद्द झाला होता. सातवी ओळ कोरी. कोरी ओळ असलेली फाईल थिएटर परत पाठवतं. ब्रदर गाडी घेऊन दारात उभा, टिल्लू हिरव्या गाऊनमध्ये थट्टा करतोय, ताई त्याच्या डोक्यावरून हात फिरवतेय. तिने सही केली. चारशे वेळा केलेली सही, आपोआप झाली.

शुक्रवारी छातीच्या स्कॅनचा रिपोर्ट आला. फुप्फुसांत ठिपके होते. सर्जन म्हणाले, थांबायचं नाही, सोमवारपासून केमो सुरू. शुक्रवारी ताई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तासभर रडली. तिला सोडून कशी उठणार? शनिवारी ती दोनदा नऊ नंबरपाशी गेली, दोन्ही वेळा टिल्लूला जखमेची कळ येत होती. रविवारी तिसरा मजला बंद असतो. कारणं अशी एकामागे एक, अगदी शिस्तीत आली.

सोमवारी ब्रदरने पहिली बाटली टांगली. नळी जोडली. औषधाचे थेंब सोडणाऱ्या चाकीवर अंगठा ठेवला आणि तिच्याकडे वळून हळूच विचारलं, "मोठ्या सिस्टर, याचं बियाण्याचं झालंय ना?"

चाकी बंद होती अजून. थांब, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सर्जन ओरडले असते, औषध दोन दिवस पुढे गेलं असतं, दोन दिवसांनी आभाळ कोसळत नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण कागदावर तिची सही होती. गुरुवारची. थांब म्हणायचं म्हणजे ती सही खोटी आहे असं ब्रदरसमोर, सर्जनसमोर, ताईसमोर म्हणायचं. ताई तिथेच पोराचे तळवे चोळत बसली होती.

"झालं," ती म्हणाली.

ब्रदरने चाकी सोडली.

बुधवारी तिला लाज वाटली होती, सोमवारी भीती वाटली. लाजेला माफी असते, असं तिला पुढे कधी कधी वाटे. सोमवारला नाही.

टिल्लू बरा झाला, हे सांगून टाकतो, कारण त्यातच सगळी गोम आहे. चार फेऱ्या झाल्या. केस गेले, भुवया गेल्या. "एक अंडं काढून घेतलं आणि डोक्याचं दुसरं करून दिलं," असं तो भेटायला येणाऱ्यांना सांगे. ठिपके विरले. वर्षाने केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. आणि घरी, दारी, ऑफिसात तो एकच गोष्ट सांगत सुटला: मावशी नसती तर मी नसतो. ताईने तर तिला हात जोडले. सख्ख्या मोठ्या बहिणीने. ते हात तिने घाईघाईने खाली केले, आणि ताईला वाटलं, किती निगर्वी आहे आपली धाकटी!

दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं. मुलगी वाचनालयात काम करणारी, कमी बोलणारी, बोलली तर नेमकं बोलणारी. त्याने दुसऱ्याच भेटीत तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "एक आहे ना? मग झालं." लग्नाच्या दिवशी ती मावशीच्या कानात म्हणाली, "तुमच्यामुळे हा मला मिळाला." मावशी हसली. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना. ते तिच्या मनात दिवसाढवळ्या पडलेलं असे. घरी कुणी लहान मूल घेऊन आलं, की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि धुतलेले कप परत धुवायची. कदाचित दुसरी बाजू सावरेल. कित्येकांची सावरते. तिने पाहिलं होतं. या कदाचितवर तिने पाच वर्षं काढली.

आणि मग परवा, ड्युटी बदलायच्या वेळेला, टिल्लू तिच्या केबिनच्या दारात उभा राहिला. काचेतून मागच्या बाकावर त्याची बायको बसलेली दिसत होती. ती आत आली नाही.

"मावशी, वेळ आहे?"

"बस."

तो बसला. त्या लोखंडी खुर्चीत त्याचे पाय मावत नसत, ते त्याने दुमडून घेतले. हातात दोन कागद होते. एक नवा आणि एक जुन्या फाईलची प्रत.

"आम्ही तपासणी केली. दोनदा." त्याने नवा कागद पुढे सरकवला. "शून्य आहे. काहीच नाही म्हणे. पाच वर्षं झाली, आता परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले."

तिने कागद वाचला. असले कागद ती रोज वाचायची.

"त्यांनी विचारलं, केमोच्या आधी साठवून ठेवलं होतं का? मी म्हटलं, मला कुणी विचारलंच नाही. ते म्हणाले, असं होणार नाही, जुनी फाईल काढा. काढली." त्याने दुसरा कागद ठेवला. "सातव्या ओळीवर तुझी सही आहे."

तिला क्षणभर हायसं वाटलं. खरंच वाटलं. कळलं एकदाचं. आता हा ओरडेल, आणि मी ऐकून घेईन.

पण तो ओरडला नाही. तो पुढे झुकला. "म्हणजे तू बोलली होतीस. आणि मला काही आठवत नाही. डोक्याला ताण दिला, रात्र रात्र आठवतोय, काही नाही. मावशी, मी काय म्हणालो होतो गं?"

"नको म्हणालो असणार," तोच म्हणाला. "घाबरलो होतो ना. काय ही कटकट, असं म्हणालो असेन. माझा स्वभावच तसा. मी हिला सांगून टाकलं की मावशीने विचारलं होतं, मीच नको म्हणालो. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच आहे तिचं. एवढी मोठी गोष्ट, मी उडवून लावली आणि विसरूनही गेलो." त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यांवर अंगठा आणि बोट दाबलं. "फक्त नेमकं काय म्हणालो ते सांग. म्हणजे तिला सांगता येईल, की अगदीच बेफिकिरीने नव्हतो म्हणालो. दुखत होतं, भीती होती, काहीतरी असेल ना कारण?"

मावशीची सही आहे म्हणजे बोलणं झालंच असणार, याबद्दल त्याच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. स्वतःच्या डोक्यावर त्याने अविश्वास दाखवला, बायकोसमोर स्वतःला गुन्हेगार केलं, पण मावशीच्या सहीवर बोट ठेवणं त्याच्या मनातही आलं नाही.

किती सोपं होतं! घाबरला होतास रे बाळा, नको म्हणालास, मीही जोर केला नाही. एवढंच म्हणायचं. तो रडला असता, तिने पाठीवरून हात फिरवला असता, बायकोने महिन्या-दोन महिन्यांनी त्याला माफ केलं असतं. पोरगं आयुष्यभर ते ओझं वाहत राहिलं असतं आणि वर मावशीला धन्यवाद देत राहिलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, हे खोटं कशाला बोला.

"तू नको म्हणाला नाहीस," ती म्हणाली.

"मग?"

"तुला विचारलंच नाही. मी सही केली, पण विचारलं नाही."

त्याला ते लगेच समजलं नाही. सहीच्या कागदाकडे, मग तिच्याकडे, असं त्याने दोनदा पाहिलं. "म्हणजे राहून गेलं?"

"राहून नाही गेलं. बुधवारी ताई बसली होती, मला लाज वाटली. गुरुवारी घाई होती, सही केली. सोमवारी बाटली लावताना ब्रदरने मला विचारलं, याचं झालं ना? तेव्हा थांबवता आलं असतं. मी झालं म्हटलं."

"का?"

"सही खोटी निघाली असती."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली.

"तू सगळ्यांना विचारतेस," तो म्हणाला.

"हो."

"मला सोडून."

"तुला सोडून."

"ओरड रे," तीच पुढे म्हणाली. "काय वाटेल ते बोल."

"मला ओरडताच येत नाही गं तुझ्यावर." त्याचा आवाज फुटला. "पाच वर्षं मी लोकांना सांगत फिरतोय, मावशीने वाचवलं. आता काय सांगू? वाचवलं तर आहेसच की तू. मी कशावर रागवू, सांग ना!"

त्याने दोन्ही कागद उचलले, घडी घातली. दाराशी जाऊन थांबला. "हिला मी सांगतो. आईला तू सांग. मला नाही जमणार." आणि दार ओढताना तो असं काही म्हणाला, की ते तिच्या जिव्हारी लागलं: "निदान मी नको म्हणालो नव्हतो. एवढं तरी झालं."

काचेतून तिला दिसलं, तो बाकावर बसला आणि खाली बघत बोलू लागला. बायको आधी ताठ बसली होती. मग तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा हात त्याच्या पाठीवर गेला आणि तो सहा फुटी माणूस तिच्या खांद्यावर वाकला. वॉर्डातले दोन पेशंट नळी-पिशवी सांभाळत जाता जाता थांबले आणि शहाण्यासारखे दुसरीकडे बघत पुढे गेले. थोड्या वेळाने ती दोघं उठून गेली. बायकोने केबिनकडे एकदाही पाहिलं नाही.

साडेपाचला ती ताईच्या घरी पोचली. ताई खिडकीपाशी उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसली होती.

"आज इकडे कशी? चहा टाकते."

"नको. बस तू. बोलायचंय."

ती बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वॉर्डात नवीन मुलींना सांगते तसं, क्रमाने, काही न गाळता. ताई शिक्षिका, मधे बोलायची नाही. ऐकता ऐकता तिने सुई अभ्र्यात खोचून ठेवली आणि अभ्रा बाजूला ठेवला.

सांगून झालं. रस्त्यावर एक रिक्षा थांबली, कुणीतरी उतरलं, रिक्षा गेली.

"म्हणजे मी तिथे बसले होते म्हणून," ताई म्हणाली.

"नाही ताई. चूक माझी आहे. तुझा काही संबंध नाही."

"मी बसले होते म्हणून तुला बोलता आलं नाही."

"माझं काम होतं ते. लोकांच्या आयांना मी रोज उठवते. तुला नाही उठवलं, यात तुझा काय दोष?"

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू विचारावं इतका. "तू त्या वॉर्डात पहिल्यांदा लागलीस ना, तेव्हा मी तुला नाही नाही ते बोलले होते. बायकांचा वॉर्ड मिळत नव्हता का, म्हणाले होते. परक्या पुरुषांचं असलं करायचं, लोक काय म्हणतील, म्हणाले होते. महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. आठवतं?"

"ते कशाला आता?"

"त्या दिवशी तू पडदा लावायला लागलीस, तेव्हा मी उठणार होते. मला कळलं होतं, तुला त्याच्याशी काहीतरी त्या जागेचं बोलायचंय. म्हटलं, उठून गेले तर तुला वाटेल, हिला अजून माझ्या कामाची लाज वाटते. म्हणून मुद्दाम बसून राहिले. स्टूल आत ओढून बसले. तुला बरं वाटावं म्हणून गं."

पाच वर्षांत धाकटीने त्या बुधवारच्या संध्याकाळचा कोपरा न् कोपरा उसवून पाहिला होता. स्वतःला काय काय म्हणून घेतलं होतं, त्याला सुमार नाही. पण ताई तिथे का बसली होती, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. ती खाली बसली, फरशीवरच, आणि जे रडू तिने पेशंटसमोर, ताईसमोर, टिल्लूसमोर इतकी वर्षं दाबून धरलं होतं ते तिला आवरेना.

ताईने तिला जवळ घेतलं नाही. दूरही लोटलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती तशीच बसली होती.

"नुसतं ऊठ म्हणाली असतीस," ती म्हणाली, "तर उठले असते गं मी."